कथाकथन, कला आणि शिक्षणाच्या प्रकल्पांसाठी अनुदान कसे शोधावे : नवख्यांसाठी मार्गदर्शक

कथाकथनाचा, लोककलेचा किंवा शाळेतील कलाशिक्षणाचा एखादा उपक्रम मनात घेऊन निघालेला नवखा माणूस बहुधा पहिला प्रश्न विचारतो तो 'पैसे कोण देते?' हा. प्रश्न स्वाभाविक आहे. पण सुरुवात तिथून केली की हाती लांबलचक याद्या येतात आणि पुढचे सहा महिने चुकीच्या दारांवर थापा मारण्यात जातात. अनुदान देणारी संस्था केंद्र सरकारची असो, खासगी न्यास असो किंवा एखाद्या कारखान्याची सीएसआर (म्हणजे कंपन्यांनी कायद्याने सामाजिक कामांवर करायच्या खर्चाची) समिती असो, ती स्वतःच्या ठरलेल्या उद्देशासाठीच पैसे खर्च करू शकते. आपले काम चांगले आहे एवढ्यावर तिला काही देता येत नाही. ते काम तिच्या उद्देशात बसावे लागते. म्हणून आपण नेमके काय करणार आहोत आणि ते करणारे आपण कायद्याच्या नजरेत कोण आहोत, या दोन प्रश्नांची उत्तरे आधी लिहून काढावीत. 'कोण देते' हा प्रश्न त्यानंतरचा, आणि पहिल्या दोन उत्तरांमुळे तो बराच सोपा झालेला असतो.

सोयीसाठी एक काल्पनिक प्रकल्प डोळ्यांसमोर ठेवू. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील कुडाळ तालुक्यात पिंगुळी हे गाव आहे आणि तेथील ठाकर समाजाने चित्रकथीची परंपरा जपली आहे. कागदावर रंगवलेली रामायण-महाभारतातील प्रसंगांची चित्रे एकामागून एक पुढे ठेवत, वाद्यांच्या साथीने कथा गाऊन सांगण्याची ही कला. या परंपरेतील परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाल्यावर तिचे नाव महाराष्ट्रभर पोहोचले. समजा, तालुक्यातील एका शिक्षिकेला आणि तिच्या दोन सहकाऱ्यांना ही कला शाळांत न्यायची आहे. त्यांनी काय करावे, ते क्रमाने पाहू.

पहिली पायरी : प्रकल्प एका पानावर लिहिणे

एक पान पुरे, पण ते खरोखर लिहावे. मनात स्पष्ट वाटणारा प्रकल्प कागदावर उतरवताना किती धूसर होता हे तेव्हाच कळते. नवख्यांच्या अर्जात हमखास आढळणारे वाक्य म्हणजे 'लोप पावत चाललेल्या लोककलेचे जतन व संवर्धन करून नव्या पिढीवर संस्कार करणे'. हे वाक्य दशावताराच्या, भारुडाच्या, गोंधळाच्या किंवा वारली चित्रांच्या अर्जातही जसेच्या तसे चालेल, आणि म्हणूनच ते वाचणाऱ्याला काहीच सांगत नाही. त्याऐवजी असे लिहावे : 'कुडाळ तालुक्यातील सहा जिल्हा परिषद शाळांत पाचवी ते सातवीच्या मुलांसोबत प्रत्येकी चार, अशी एकूण चोवीस सत्रे घेतली जातील. प्रत्येक शाळेतील पहिल्या दोन सत्रांत दोन कलावंत चित्रांवरून कथा सांगतील आणि पुढील दोन सत्रांत मुले आपल्या घरी किंवा वाडीत ऐकलेली एखादी गोष्ट चित्रांत मांडून स्वतः सांगतील.' या दोन वाक्यांत जागा, माणसे, संख्या आणि पद्धत आली, आणि अंदाजपत्रकाचा सांगाडाही तयार झाला.

त्याच पानावर वेळापत्रक मांडावे आणि ते स्थानिक वास्तवाला धरून असावे. कोकणात जून-जुलैचा पाऊस, त्यानंतर गणपतीची सुट्टी, मग सहामाही परीक्षा आणि दिवाळी, आणि फेब्रुवारीपासून वार्षिक परीक्षांची तयारी हे सगळे वजा केले, तर शाळांत निवांतपणे काम करण्याचे दिवस मुख्यतः नोव्हेंबर ते जानेवारी या काळात उरतात. मुंबई-पुण्यात किंवा दिल्लीत बसलेल्या परीक्षकाला हे ठाऊक नसते. 'आम्ही सत्रे या तीन महिन्यांत घेऊ, कारण...' असे लिहिले की अर्ज करणाऱ्याला जमिनीची माहिती आहे हे त्याला कळते.

आणखी दोन गोष्टी अर्जाआधीच करायच्या असतात. जिल्हा परिषदेच्या शाळांत काम करायचे तर प्राथमिक विभागाच्या शिक्षणाधिकाऱ्यांची लेखी परवानगी लागते. त्यापूर्वी केंद्रप्रमुख आणि गटशिक्षणाधिकारी यांच्याशी बोलून घेतलेले बरे. ती अजून हाती आली नसेल, तर निदान संबंधित मुख्याध्यापकांची संमतिपत्रे जोडावीत. दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची : कलावंतांशी आधी बोलावे. त्यांना न विचारता त्यांची नावे प्रस्तावात घालणे आणि मंजुरीनंतर 'तुम्हाला अमुक दिवशी यायचे आहे' असे कळवणे हा प्रकार दुर्दैवाने सर्रास चालतो. मानधन किती, दिवस कोणते, चित्रीकरण करायचे का आणि केलेच तर ते कुठे दाखवायचे, हे त्यांच्याशी बोलूनच ठरवावे. कॉपीराइट कायदा, १९५७ याखाली सादरकर्त्यालाही आपल्या सादरीकरणावर ५० वर्षांचा हक्क आहे. कॅमेरा आपला आणि पैसे आपले म्हणून ध्वनिचित्रफीतही सर्वस्वी आपली, असे नसते.

दुसरी पायरी : आपण कोण आहोत ते ठरवणे

अनुदानाचे जग व्यक्ती आणि संस्था अशा दोन वाटांनी विभागलेले आहे आणि एका वाटेचे कागद दुसऱ्या वाटेवर चालत नाहीत. व्यक्तीला अधिछात्रवृत्ती (फेलोशिप), शिष्यवृत्ती किंवा काही खासगी प्रतिष्ठानांची प्रकल्प-अनुदाने मिळू शकतात. त्यासाठी पॅन कार्ड, बँक खाते, केलेल्या कामाचे नमुने आणि शिफारसपत्रे पुरेशी असतात. सरकारी प्रकल्प-अनुदान आणि सीएसआर निधी यांसाठी मात्र नोंदणीकृत संस्था लागते आणि ती कालच नोंदलेली असून भागत नाही. तीन वर्षांचे काम आणि तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब ही बहुतेक ठिकाणी पहिली चाळणी असते.

यावर नवख्यांची पहिली प्रतिक्रिया 'मग आपणही संस्था काढू' अशी असते. माझे मत स्पष्ट आहे : एका प्रकल्पासाठी संस्था काढू नये. महाराष्ट्रात संस्था नोंदणी अधिनियम, १८६० याखाली किमान सात सभासदांची संस्था नोंदवली की तीच महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० याखाली सार्वजनिक न्यास म्हणूनही नोंदवावी लागते. त्यानंतर सभा, इतिवृत्ते, दरवर्षीचे लेखापरीक्षण, धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात हिशेब सादर करणे, आयकर विवरणपत्र, आणि विश्वस्त बदलले की नव्वद दिवसांत बदल अहवाल, हे सगळे कायमचे मागे लागते. त्यापेक्षा तालुक्यातील एखादे जुने वाचनालय, शिक्षण प्रसारक मंडळ किंवा नाट्यसंस्था शोधावी, तिच्या कार्यकारिणीपुढे आपले एक पान ठेवावे आणि तिच्या नावाने अर्ज करून आपण प्रकल्प-समन्वयक व्हावे. त्यासाठी कार्यकारिणीचा ठराव आणि एक साधा लेखी करार करावा : पैसे संस्थेच्या खात्यात येतील, प्रकल्पाचा हिशेब स्वतंत्र ठेवला जाईल, खर्चाच्या पावतीवर कोणाच्या सह्या असतील आणि संस्था व्यवस्थापनापोटी किती रक्कम घेईल. संबंध कितीही घरचे असले तरी हे लिहून ठेवावे. पैसे आल्यानंतर केलेला करार फारसा टिकत नाही.

संस्था निवडताना तिची कागदपत्रे मागून पाहावीत. नोंदणी प्रमाणपत्र, घटना व नियमावली, विश्वस्तांची नावे असलेला धर्मादाय कार्यालयातील 'शेड्यूल वन'चा उतारा, पॅन, गेल्या तीन वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल, लोक ज्यांना आजही '१२ए' आणि '८०जी' म्हणतात त्या, संस्थेला आणि देणगीदाराला करसवलत मिळवून देणाऱ्या आयकर विभागाच्या नोंदण्या, आणि नीती आयोगाच्या 'एनजीओ दर्पण' संकेतस्थळावरचा ओळख क्रमांक. हा शेवटचा क्रमांक विनामूल्य मिळतो आणि केंद्र सरकारच्या अनुदानासाठी तो अत्यावश्यक असतो. माझ्या परिचयातील एका जुन्या संस्थेचा उत्तम प्रस्ताव केवळ उताऱ्यामुळे अडकला : सही करणाऱ्या अध्यक्षांचे नाव उताऱ्यावर नव्हते, कारण आधीचे अध्यक्ष वारल्यानंतर बदल अहवाल कोणी दाखलच केला नव्हता. तो मंजूर होईपर्यंत त्या वर्षीची मुदत उलटून गेली. उतारा आधी पाहावा, मग पुढचे बोलावे.

तिसरी पायरी : योग्य दार शोधणे

शब्दांचा घोळ आधी मिटवू. 'मानधन' हे ज्येष्ठ कलावंताला दिलेले साहाय्य किंवा कार्यक्रमाचा मोबदला असते. 'शिष्यवृत्ती' शिकण्यासाठी असते. 'अधिछात्रवृत्ती', म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेली फेलोशिप, एखाद्या व्यक्तीच्या अभ्यासासाठी असते. 'अनुदान' ठरलेल्या कामासाठी हिशेबासह मिळते. आणि 'प्रायोजकत्व' देणाऱ्याला आपल्या नावाची प्रसिद्धी हवी असते. वृद्ध कलावंतांच्या मासिक मानधनाच्या योजनेची माहिती वाचून आपल्या कार्यशाळेसाठी अर्ज करायला निघालेले लोक मी पाहिले आहेत. योजनेचे नाव कितीही भुलवणारे असले तरी तिचा उद्देश आणि पात्रता हे दोन परिच्छेद वाचल्याशिवाय पुढे जाऊ नये.

केंद्र सरकारच्या संस्कृती मंत्रालयाची 'कला संस्कृती विकास योजना' हे मोठे छत्र आहे. त्याखाली गुरू-शिष्य परंपरेने चालणाऱ्या मंडळ्यांसाठी रेपर्टरी अनुदान आहे आणि कार्यशाळा, परिसंवाद, महोत्सव, नाट्य वा नृत्यनिर्मिती यांसाठी वेगळे अनुदान आहे, ज्याची मर्यादा सर्वसाधारणपणे ५ लाख रुपये असते. व्यक्तींसाठी याच मंत्रालयाच्या अधिछात्रवृत्त्या आहेत : २५ ते ४० वयोगटासाठी कनिष्ठ अधिछात्रवृत्ती, दरमहा १०,००० रुपये, आणि ४० वर्षांवरील व्यक्तींसाठी वरिष्ठ अधिछात्रवृत्ती, दरमहा २०,००० रुपये, दोन्ही दोन वर्षांच्या. १८ ते २५ वयाच्या तरुण कलावंतांसाठी दरमहा ५,००० रुपयांची शिष्यवृत्ती आहे. त्यांचे काम दिल्लीचे सांस्कृतिक स्रोत आणि प्रशिक्षण केंद्र पाहते, ज्याला सगळे 'सीसीआरटी' म्हणतात. आपल्या शिक्षिकेला शाळांतील सत्रे यातून करता येणार नाहीत, पण चित्रकथीतील कथनपद्धतीचा अभ्यास करायचा असेल तर हे दार तिचेच आहे.

विभागीय सांस्कृतिक केंद्रांकडे नवख्यांचे लक्ष क्वचितच जाते. उदयपूरचे पश्चिम क्षेत्र सांस्कृतिक केंद्र आणि नागपूरचे दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्र या दोन्हींत महाराष्ट्र सदस्य आहे. गोवा उदयपूरच्या केंद्राशी जोडलेले आहे. त्यांच्याकडून कार्यक्रम, गुरू-शिष्य प्रशिक्षण आणि दुर्मीळ कलांचे दस्तऐवजीकरण अशी कामे होतात. रोख अनुदान मिळाले नाही तरी आपल्या कलावंतांची नोंद तिथे होणे उपयोगाचे ठरते, कारण पुढच्या अर्जात ती नोंद दाखवता येते.

राज्याच्या सांस्कृतिक कार्य संचालनालयाची लोककलेसाठीची अनुदाने मुख्यतः तमाशा, दशावतार, शाहिरी, खडीगंमत अशा पथकांच्या भांडवली आणि प्रयोगखर्चासाठी आहेत. प्रयोग करणाऱ्या पथकासाठी ती मोलाची आहेत, पण शाळेतील सत्रांचा प्रस्ताव तिथे नेला तर तो उद्देशाबाहेर ठरेल. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळ नवलेखकांच्या पहिल्या पुस्तकाच्या प्रकाशनाला अनुदान देते. गोष्टी लिहिणाऱ्यांनी ती योजना नजरेआड करू नये. गोव्यातील वाचकांनी पणजीच्या कला आणि संस्कृती संचालनालयाच्या योजना पाहाव्यात. लेखनासाठीच आणखी दोन नोंदी : राष्ट्रीय पुस्तक न्यासामार्फत २०२१ साली सुरू झालेल्या पीएम-युवा योजनेत तीस वर्षांखालील निवडक लेखकांना सहा महिने दरमहा ५०,००० रुपये देण्यात आले आणि त्यानंतर तिच्या पुढील आवृत्त्या निघाल्या, आणि न्यू इंडिया फाउंडेशन मराठीसह काही भारतीय भाषांतील ललितेतर ग्रंथांच्या इंग्रजी अनुवादासाठी अधिछात्रवृत्ती देते.

बेंगळुरूच्या 'इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्स' या संस्थेबद्दल थोडे सविस्तर लिहायला हवे. १९९३ साली स्थापन झालेली ही बिगरसरकारी संस्था कलाविषयक संशोधन, कलानिर्मिती, कलाशिक्षण आणि संग्रहालये यांसाठी अनुदाने देते, व्यक्तींकडून प्रस्ताव घेते, आणि प्रस्ताव कोणत्याही भारतीय भाषेत लिहिता येतो. मराठीत विचार करणाऱ्या माणसाला मोडक्या इंग्रजीत स्वतःला बारीक करून घ्यावे लागत नाही, हे लहान सुख नव्हे. परंतु हेच उदाहरण दुसऱ्या अर्थानेही शिकवणारे आहे. या संस्थेचा 'कली-कलिसु' नावाने ओळखला जाणारा कलाशिक्षणाचा कार्यक्रम कर्नाटकातील सरकारी शाळांवर केंद्रित आहे. 'कलाशिक्षण' हा शब्द पाहून कुडाळच्या शिक्षिकेने तिथे अर्ज केला तर तो भूगोलातच अडकेल. मात्र 'चित्रांच्या क्रमातून कथा कशी घडते आणि तीच कथा दोन कलावंत वेगळी का सांगतात' असा प्रश्न घेऊन संशोधनाच्या कार्यक्रमाकडे गेली, तर विचार होण्यासारखा प्रस्ताव होईल. अशा प्रतिष्ठानांना कार्यक्रमांची यादी नको असते. अर्जदाराला खरोखर पडलेला प्रश्न हवा असतो.

आता सीएसआर. कंपनी अधिनियम, २०१३ च्या कलम १३५ नुसार ज्या कंपनीची निव्वळ मालमत्ता ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये यांपैकी एक मर्यादा गाठतो, तिला मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करावी लागते. कोणती कामे चालतील ते सातव्या अनुसूचीत दिले आहे. तिच्यात शिक्षण आहे, तसेच राष्ट्रीय वारसा, कला व संस्कृतीचे रक्षण, सार्वजनिक ग्रंथालये आणि पारंपरिक कला-हस्तकलांचा विकासही आहे. आपला प्रकल्प दोन्ही नोंदींत बसतो. तरीही, कंपन्यांच्या मंडळींशी बोलताना आलेला अनुभव असा की शिक्षणाची भाषा त्यांना लवकर पटते, कारण किती शाळा, किती मुले, किती सत्रे असे मोजता येते.

दार कोणते ठोठवायचे, हे कायदाच सुचवतो : कंपनीने आपल्या कामकाजाच्या परिसराला प्राधान्य द्यावे असे त्यात म्हटले आहे. म्हणून मुंबईतील नामवंत उद्योगसमूहांना शंभर ईमेल पाठवण्यापेक्षा आपल्या जिल्ह्यातील एमआयडीसीत कोणत्या कंपन्यांचे कारखाने आहेत ते आधी पाहावे. राष्ट्रीय सीएसआर पोर्टलवर कोणत्या कंपनीने कोणत्या राज्यात कशावर खर्च केला हे दिसते आणि कंपनीच्या वार्षिक अहवालातही ते असते. गेल्या तीन वर्षांत शिक्षणावर खर्च केलेली, पण फक्त इमारती आणि संगणक दिलेली कंपनी आढळली, तर तिच्यापुढे मुलांच्या बोलण्या-लिहिण्यावर काम करणारा लहान प्रकल्प ठेवता येतो. ज्यांची सीएसआरची वार्षिक रक्कम ५० लाखांपेक्षा अधिक नाही, त्यांना वेगळी सीएसआर समिती नेमण्याचे बंधन नसते. तिथे निर्णय संचालक मंडळच घेते आणि कारखान्याच्या व्यवस्थापकाची एक भेट बरेच काही घडवून आणू शकते. संस्थेने मात्र कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे सीएसआर-१ हा अर्ज भरून नोंदणी क्रमांक घेतलेला असावा. १ एप्रिल २०२१ पासून त्याशिवाय कंपनी तिच्यामार्फत सीएसआर निधी खर्च करू शकत नाही.

परदेशातील मराठी माणसांकडून येणाऱ्या पैशाबाबत फार गैरसमज आहेत, म्हणून तेही सांगतो. भारताचे नागरिकत्व कायम असलेल्या अनिवासी भारतीयाने आपल्या वैयक्तिक बचतीतून बँकेच्या नेहमीच्या मार्गाने दिलेली देणगी 'विदेशी अंशदान' मानली जात नाही. पण तोच माणूस अमेरिकेचा नागरिक झालेला असेल, त्याच्याकडे ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारे ओळखपत्र) असले तरीही, त्याची देणगी विदेशी अंशदान ठरते. तेथील महाराष्ट्र मंडळाने दिलेली रक्कम तर ठरतेच. ती स्वीकारण्यासाठी विदेशी अंशदान विनियमन अधिनियम, २०१० याखाली, म्हणजे एफसीआरएखाली, नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते. ही रक्कम दिल्लीतील स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतील खात्यातच यावी लागते आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर ती दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही. त्यामुळे 'आमच्या ओळखीच्या संस्थेकडे एफसीआरए आहे, तिच्या खात्यातून आपल्याकडे घेऊ' असे कोणी सुचवले, तर स्पष्ट नकार द्यावा.

लहान प्रकल्पासाठी लोकवर्गणी आजही सर्वांत कमी कागद लागणारा मार्ग आहे. सहांपैकी एका शाळेतील चार सत्रे माजी विद्यार्थ्यांच्या वर्गणीतून आधी पार पाडावीत, त्यांची छायाचित्रे, मुलांची चित्रे आणि शिक्षकांचे अभिप्राय जमवावेत, आणि मग उरलेल्या पाच शाळांसाठी अनुदान मागावे. करून दाखवलेल्या चार सत्रांचे वजन दहा पानी प्रस्तावापेक्षा जास्त असते.

चौथी पायरी : अंदाजपत्रक

परीक्षक बहुतेकदा अंदाजपत्रक आधी वाचतात, कारण खरा प्रकल्प आकड्यांतच दिसतो. आपल्या प्रकल्पाचा हिशेब असा मांडता येईल : दोन कलावंत, २४ सत्रे, प्रत्येकी २,००० रुपये मानधन, म्हणजे ९६,००० रुपये. समन्वयकाचे आठ महिने, दरमहा १०,००० रुपये, म्हणजे ८०,०००. वाहन २४ दिवस, १,२०० रुपयांप्रमाणे २८,८००. सहा शाळांसाठी रंग, कागद, ब्रश प्रत्येकी ५,०००, म्हणजे ३०,०००. ध्वनिचित्रमुद्रण सहा दिवस, ८,००० रुपयांप्रमाणे ४८,०००. मुलांनी सांगितलेल्या गोष्टींच्या पुस्तिकेच्या ५०० प्रती, ६० रुपयांप्रमाणे ३०,०००. लेखापरीक्षण, टपाल आणि झेरॉक्स १५,०००. एकूण ३,२७,८०० रुपये. हे दर केवळ उदाहरणादाखल आहेत. आपल्या गावातील खरे दर विचारून घ्यावेत आणि मोठ्या खर्चांची दरपत्रके जोडावीत.

या हिशेबात दोन गोष्टी मुद्दाम पाहाव्यात. कलावंतांचे मानधन ही त्यातली सर्वांत मोठी रक्कम आहे, आणि तशीच असायला हवी. ज्यांच्या कलेवर प्रकल्प उभा आहे त्यांना शाल-श्रीफळ आणि छपाईला लाखभर रुपये, असे अंदाजपत्रक जाणत्या परीक्षकाला लगेच खटकते. दुसरे म्हणजे समन्वयकाचा मोबदला. मराठी माणसाला स्वतःच्या कामाचे पैसे लिहायला संकोच वाटतो; तो रकाना रिकामा सोडतो आणि चौथ्या महिन्यात काम थंडावते. ते पैसे लिहावेत. देणाऱ्याच्या नियमात मानधनाला मर्यादा असेल, तर ती पाळून लिहावेत. शाळेने विनामूल्य दिलेली जागा, शिक्षकांचा वेळ यांची नोंद 'स्थानिक सहभाग' म्हणून वेगळी करावी.

पैसे केव्हा येतील, याचाही विचार याच वेळी करावा. सरकारी अनुदान पुष्कळदा हप्त्यांत मिळते. समजा, तीन चतुर्थांश रक्कम आधी आणि उरलेली काम संपून हिशेब दिल्यानंतर, अशी अट असेल, तर आपल्या प्रकल्पात २,४५,८५० रुपये हाती येतील आणि ८१,९५० रुपये आधी स्वतः खर्च करून नंतर मिळवावे लागतील. ते कोठून आणायचे, हे संस्थेच्या कार्यकारिणीशी आधीच ठरवले नाही, तर त्याची झळ हमखास कलावंतांच्या मानधनाला लागते.

पाचवी पायरी : प्रस्ताव लिहिणे आणि पाठवणे

एक पान आणि अंदाजपत्रक तयार असेल तर प्रस्तावाचे अर्धे काम झालेले असते. उरलेल्या अर्ध्यात देणाऱ्याने विचारलेल्या प्रश्नांची, विचारलेल्या क्रमाने, सांगितलेल्या शब्दमर्यादेत उत्तरे द्यावीत. 'कामाचा परिणाम कसा मोजाल?' या प्रश्नाने लोक घाबरतात. त्यासाठी सर्वेक्षणांचा डोंगर लागत नाही. पहिल्या सत्रात किती मुले वर्गासमोर उभी राहून सलग दोन मिनिटे बोलली आणि चौथ्या सत्रात किती, एवढी नोंद शिक्षकांकडून ठेवून घेतली तरी ती प्रामाणिक आणि वाचनीय असते. 'तालुक्यातील गळतीचे प्रमाण कमी होईल' असे चार सत्रांच्या बळावर लिहू नये.

नमुने निवडून पाठवावेत : तीन मिनिटांची एक ध्वनिचित्रफीत, पाच-सहा छायाचित्रे, एखादे मुलाचे चित्र. सत्काराची छायाचित्रे आणि वर्तमानपत्रांच्या कात्रणांचा गठ्ठा नको. छायाचित्रांत मुले असतील तर पालकांची लेखी संमती घेतलेली असावी. पाठवण्यापूर्वी प्रस्ताव अशा माणसाकडून वाचून घ्यावा ज्याला चित्रकथी म्हणजे काय हे ठाऊक नाही; तो जिथे अडेल तिथे परीक्षकही अडणार. शक्य असेल तिथे अर्जाआधी कार्यक्रम-अधिकाऱ्याला थोडक्यात ईमेल लिहून आपला विषय त्यांच्या उद्देशात बसतो का, हे विचारावे. नकार तिथेच मिळाला तर महिनाभराची मेहनत वाचते.

अनुदान मिळवून देतो म्हणून टक्केवारी मागणारे मध्यस्थ या मार्गावर भेटतातच. प्रस्ताव लिहायला मदत करणाऱ्याला ठरलेला मोबदला देणे वेगळे. पण मंजूर रकमेचा वाटा मागणाऱ्यापासून दूर राहावे, कारण तो वाटा अंदाजपत्रकात प्रामाणिकपणे दाखवता येणारच नाही.

मंजुरी आणि नकार, दोन्हींनंतर

नकार आला तर दोन ओळींत आभार मानून कारण विचारावे. खासगी प्रतिष्ठाने पुष्कळदा ते सांगतात, आणि सुधारलेला प्रस्ताव पुढच्या फेरीत पुन्हा पाठवता येतो.

मंजुरी आली तर पहिले सत्र ठरवण्याआधी मंजुरीपत्रातील अटी कार्यकारिणीसमोर वाचून दाखवाव्यात. मंजुरीच्या तारखेआधी केलेला खर्च बहुधा धरला जात नाही. अंदाजपत्रकातील एका शीर्षाचे (खर्चाच्या बाबीचे) पैसे दुसरीकडे वळवायचे असल्यास आधी लेखी परवानगी लागते. प्रकल्पासाठी स्वतंत्र खातेवही ठेवावी, कलावंतांचे मानधन शक्यतो थेट त्यांच्या बँक खात्यात जमा करावे, आणि प्रत्येक पावतीच्या मागे ती कोणत्या सत्राची आहे ते पेन्सिलीने लिहून ठेवावे. शेवटी सनदी लेखापालाच्या सहीचे उपयोगिता प्रमाणपत्र (पैसे मंजूर कामावरच खर्च झाल्याचा दाखला), खर्चाचा तक्ता आणि कामाचा अहवाल द्यावा लागतो. मागील अनुदानाचे उपयोगिता प्रमाणपत्र थकलेले असेल, तर त्याच खात्याकडून पुढचे सहसा मिळत नाही, म्हणून सत्रे संपल्यापासून महिनाभरात लेखापालाकडे कागद पोहोचवावेत.

अहवालाची एक प्रत, पुस्तिका आणि ध्वनिमुद्रणांची पेनड्राइव्ह देणाऱ्या संस्थेला पाठवाल त्याच दिवशी सहा शाळांना आणि पिंगुळीच्या कलावंतांनाही द्यावी. त्यांच्या पोचपावत्या घेऊन फाइलला लावाव्यात. पुढच्या अर्जात त्या जोडता येतील.